सोनकी कोण पेरतं? (स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आज नाशिकहून येताना कोटंबी घाटात गाडी थांबवली. कड्यावर सोनकी फुलली होती आणि खाली उताराच्या शेतात खुरासणी. दोन्ही पिवळ्याधमक. मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढले आणि आठवीतली वही आठवली.

बाईंनी पानाफुलांची वही करायला सांगितली होती. वडिलांच्या बदलीमुळे मी पेठेत नवीन होते. शेतातलं एक फूल तोडलं, वर्तमानपत्रात दाबलं, वहीत चिकटवून खाली लिहिलं, ‘सोनकी’. बाकावरची मैत्रीण म्हणाली, “अगं, ही खुरासणी. सोनकी कोण पेरतं?” मी ऐकलं नाही. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तिने वही दिलीच नाही. विकत घ्यायला पैसे नव्हते.

तिचं म्हणणं मला फार उशिरा कळलं. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, म्हणजे लांबच्या चुलत बहिणी. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो दोन्हींत अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. पण खुरासणीची खालची पानं समोरासमोर जोडीने येतात, सोनकीची एकाआड एक. खुरासणीच्या फुलाखाली रुंद हिरवी पानं असतात. सोनकीला अरुंद पट्ट्यांची वाटी.

खरा फरक बियांत आहे. सोनकीच्या बीला पांढरी म्हातारी असते, ते वाऱ्यावर उडून स्वतःच रुजतं. खुरासणीचं बी काळं, चकचकीत, बिनम्हातारीचं. मूळची इथिओपियाची ही वनस्पती माणसाने पेरली म्हणूनच आपल्या डोंगरउतारांवर टिकली. ज्यांच्या घरी खुरासणीचं तेल आणि चटणी होते, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. “सोनकी कोण पेरतं?” या तीन शब्दांत तिने सगळं सांगितलं होतं.

मी इंजिनिअर झाले. तिची शाळा दहावीला सुटली. संगणकाला चुकीची नावं लावलेली चित्रं दिली, तर तो चूकच शिकतो, हे मी आता रोज पाहते. माझ्या वहीतली चूक मात्र इतकी वर्षं गुणांसकट तशीच राहिली.

ती वही आज आणली आहे. ‘सोनकी’ खोडून ‘खुरासणी’ लिहिलंय आणि ओळखणारी म्हणून तिचं नाव. वही शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवावी, ही विनंती. पण बाई, बाकीची पानं आधी तिला तपासू द्या. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.