नदीचें मूळ आणि दगडाचें कूळ



ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. भूशास्त्रज्ञाला मात्र दगडाचें कूळ शोधल्यावांचून गत्यंतर नसतें. खाण कोठें खणावी, हें पुष्कळ अंशीं त्यावरच ठरतें.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसींत चादरी व टॉवेल विणणाऱ्या कामगाराच्या खिशांत मोबाइल असतो आणि त्याच्या बॅटरींत लिथियम असतें. हा धातु पायांखालच्या जमिनींत मात्र मिळावयाचा नाहीं. कारण तेथें सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा काळा कातळ पसरला आहे. दक्षिणेस, कर्नाटकांतील मंड्या जिल्ह्यांत, अडीचशें कोटी वर्षांहून जुने खडक उघडे पडले आहेत. तेथें मरलगल्ला–अल्लापटना भागांत पेग्मटाइट या भरड स्फटिकांच्या खडकाच्या शिरांत लिथियम आढळलें. २०२१ सालीं त्याचा १,६०० टनांचा अनुमानित साठा जाहीर झाला. देशाची गरज पाहतां तो अल्पच आहे. म्हणून अशा आणखी शिरा शोधणें अगत्याचें आहे.

पण शोधावयाच्या कोठें? पेग्मटाइटच्या जन्माविषयीं दोन मतें आहेत. एका मतानें, ग्रॅनाइटचा तप्त रस थिजतां थिजतां जो शेष उरतो, त्यांत लिथियम सांचतें. दुसऱ्या मतानें, खोल गाडले गेलेले चिखलाचे जुने थर उष्णतेनें अंशतः वितळून हा रस थेट निर्माण होतो. पहिलें मत खरें असेल तेथें मूळ ग्रॅनाइट गांठून त्याच्या भोंवतालीं शोध घ्यावा. दुसरें खरें असेल तेथें ग्रॅनाइटचा पाठलाग व्यर्थ होय.

येथें लिथियमाचे समस्थानिक साक्षीला येतात. दर हजार अणूंत सुमारें ९२४ अणु सात भाराचे व ७६ सहा भाराचे असतात. खडक झिजतो तेव्हां जड अणु अधिक प्रमाणांत पाण्याबरोबर समुद्राकडे जातात आणि हलके चिकणमातींत मागें राहतात. म्हणून अशा मातीपासून झालेल्या रसांतहि हलक्या अणूंचा वाटा किंचित् अधिक दिसावा, अशी अपेक्षा असते. हा फरक हजारांत कांहीं अंशांचाच असला, तरी सूक्ष्म यंत्रांनीं तो मोजतां येतो.

तथापि हा साक्षीदार उलटतपासणीवांचून मानूं नये. रसांतून स्फटिक वा उष्ण पाणी वेगळें होतांना हें प्रमाण पुन्हां बदलतें. एकाच शिरेंतील दोन खनिजेंहि वेगवेगळे आंकडे दाखवितात. म्हणून ग्रॅनाइट व शीर यांचें वय जुळतें कीं नाहीं, हें युरेनियम व शिसें यांच्या प्रमाणावरून पाहावें लागतें. वयांत कोट्यवधि वर्षांचें अंतर निघालें, तर शेजारचा ग्रॅनाइट त्या शिरेचा जनक ठरत नाहीं.

भूगर्भांत छिद्र पाडण्यास पैसा फार लागतो आणि त्यासाठीं शेतकऱ्याचें रान व गांवचें पाणीहि पणास लागतें. त्याआधीं मूठभर दगडाची साक्ष नीट तपासून घेणें, हाच शहाणपणाचा मार्ग होय.