घरी बांधलेले विमान



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांना तो थट्टेचा वाटला असेल. माणसाने घर बांधावे, फार तर होडी बांधावी, पण विमान? आणि तेही दोन दिवसांच्या वर्गात शिकून? म्हणून आधीच खुलासा करतो. दोन दिवसांत विमान होत नाही. त्याला वर्षे लागतात, आणि कित्येकांचे अर्धवटच राहते. दोन दिवसांत कळते ते इतकेच, की हे काम आपल्या हातांना पेलेल की नाही.

अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबरेझ्नी या गृहस्थाने मिलवॉकी शहरी हौशी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना काढली. तिचे ठाणे आज विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे आहे. ती शनिवार-रविवारी वर्ग भरवते. कोणी सांगाड्यावर कापड चढवायला शिकतो, कोणी वेल्डिंग, कोणी काचतंतूचे काम. मी पत्र्याच्या वर्गाला बसलो.

बसलो म्हणण्यापेक्षा उभा राहिलो म्हणावे, कारण खुर्ची अशी मिळतच नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा कापायचा, भोके पाडायची आणि रिव्हेट ठोकायचे. माझ्या जोडीला एक दंतवैद्य होता. भोके पाडण्यात त्याचा हात अर्थातच बसलेला! पण विमानाच्या पत्र्याला नुसते भोक चालत नाही. त्याच्या कडेला जी बारीक धार उठते ती सगळी काढावी लागते, कारण हादऱ्यांनी चीर पडते ती अशाच खरबरीत जागी. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने समुद्रात कोसळली, ती दाबाच्या चढउताराने पत्र्यात वाढत गेलेल्या चिरेमुळे. त्या विमानांमागे मोठा कारखाना होता. इथे तर एकटा माणूस आपल्या गराजमध्ये.

रिव्हेट ठोकायला दोघे लागतात. एकाच्या हाती हवेवर चालणारी बंदूक, दुसरा मागून पोलादी ठोकळा दाबून धरतो. मागचे टोक चेपून त्याची रुंदी मूळ जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी झाली पाहिजे. वाकडा बसला तर? नवशिका लगेच तो ड्रिलने काढू पाहतो. आमचे शिक्षक म्हणाले, जरा थांबा. काढताना भोक मोठे होते, आणि थोडा वाकडा रिव्हेट हा फाटलेल्या भोकापेक्षा बरा. कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा, हा विवेक हीच त्या वर्गाची खरी विद्या. पुस्तकात ती आकड्यांनी दिली आहे खरी, पण बोटांना ती शंभर रिव्हेटांनंतरच कळते.

आता तुम्ही विचाराल, सरकार हे चालू कसे देते? तिथला नियम असा, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंदापोटी केलेले असले पाहिजे. मग तपासणी होते. मग पंचवीस वा चाळीस तास चाचणीची उड्डाणे, आणि तोवर उतारूंना मज्जाव. पुढेही उतारूला दिसेल अशी पाटी आत लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे. मला ती पाटी फार प्रामाणिक वाटते.

अपघात होतात, ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. या विमानांचे अपघात इतर छोट्या विमानांहून प्रमाणाने अधिक, आणि त्यांतले पुष्कळसे अगदी आरंभीच्या उड्डाणांत. पण ज्याला आपण भितो ते, म्हणजे सांगाडा मोडणे, क्वचित घडते. इंजिनची शक्ती जाते किंवा वैमानिकाचा ताबा सुटतो. म्हणजे बांधायला शिकला तो उडवायला शिकलाच, असे नव्हे.

आपल्याकडे कांदिवलीच्या चारकोप भागात अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ साली नोंदणी झाली. उड्डाणाचा परवाना २०१९ साली. रिव्हेटांहून कागदांनाच धीर अधिक लागतो, असे दिसते.

वर्गात केलेला पंखाचा तुकडा मी सोबत आणला आहे. व्याख्यानानंतर तो या टेबलावर ठेवतो. मुलांनी खुशाल हात लावावा. कडा घासलेल्या आहेत.