आरोग्य विमा : शिफारशीपूर्वी गरजेचे मूल्यमापन



भारतात मेडिक्लेम पॉलिसी १९८६ साली सुरू झाली. ती विकणाऱ्या चारही कंपन्या सार्वजनिक क्षेत्रातील असल्याने ग्राहकापुढे निवडीचा प्रश्न फारसा नव्हता. १९९९ च्या विमा नियामक व विकास प्राधिकरण कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या आणि पॉलिसींचे प्रकार वाढले. ग्राहकाला स्वतःच्या हिताचे संरक्षण निवडता यावे यासाठी आवश्यक ती सर्व माहिती द्यावी, असे बंधन प्राधिकरणाने २००२ च्या विनियमांद्वारे विमा कंपन्या व प्रतिनिधींवर घातले. तरीही बोलणे पुष्कळदा हप्त्याच्या आकड्यापासूनच सुरू होते. ते कुटुंबापासून सुरू व्हावयास हवे.

भोपाळमधील एका कुटुंबाची कल्पना करावी. कर्ता ४२ वर्षांचा, खासगी नोकरीत; पत्नी, दोन मुले आणि मधुमेह असलेली ७१ वर्षांची आई. मालकाने काढलेला ३ लाख रुपयांचा समूह विमा आहे. तो आहे म्हणून दुसऱ्या पॉलिसीची गरज नाही, असे कर्त्यास वाटते. परंतु हे संरक्षण नोकरीशी बांधलेले असते. नोकरी सुटली की तेही सुटते, आणि त्या वयात नवी पॉलिसी महाग पडते.

आईला याच फॅमिली फ्लोटरमध्ये घ्यावे काय? अशा पॉलिसीचा हप्ता सामान्यतः सर्वांत वयस्कर सदस्याच्या वयावर ठरतो. आईमुळे सर्वांचाच हप्ता चढेल. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. तेव्हा आधी त्या योजनेचे कार्ड काढावे आणि घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात कोणते उपचार योजनेखाली होतात, याची चौकशी करावी. मात्र दरमहाची औषधे व बाह्यरुग्ण तपासण्या त्यात येत नाहीत. तो खर्च घरखर्चातच धरावा लागतो.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. कर्त्याला दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. ‘हे लिहू नका, हप्ता वाढेल’ असा सल्ला देणारा प्रतिनिधी ग्राहकाचे भले करीत नाही. विमा हा परम सद्भावाचा करार होय. मधुमेह व मूत्रपिंडाचा जुना विकार दडविल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कंपनीने दावा नाकारणे योग्य ठरविले. याउलट, नमूद केलेल्या पूर्वविकारासाठीचा प्रतीक्षाकाल २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. आज खरे लिहिले तर तीन वर्षांनी संरक्षण निश्चित. म्हणूनच नोकरी असतानाच, लवकर पॉलिसी घेण्यात अर्थ आहे.

विमा रकमेइतकेच खोलीभाड्याच्या मर्यादेकडेही पाहावे. ३ लाखांच्या पॉलिसीत ही मर्यादा प्रतिदिन १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे, असे समजा. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली पाच दिवस घेतली. खोलीचे ३०,०००, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे ८०,०००, औषधे व तपासण्यांचे ५०,००० असे बिल १,६०,००० झाले. प्रमाणशीर कपातीची अट असल्यास खोलीचे १५,००० आणि शस्त्रक्रियेचे ४०,०००च मिळतात. औषधे व तपासण्यांना ही कपात लागू नसल्याने ते ५०,००० पूर्ण मिळतात. एकूण १,०५,०००. विमा रक्कम संपलेली नसताना ५५,००० रुपये खिशातून जातात! शहरातील रुग्णालयांचे खोलीभाडे आधी विचारून घेतले असते, तर ही पॉलिसी सुचविलीच गेली नसती.

पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यास ३० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत प्रतिनिधीने ग्राहकासमवेत प्रस्तावपत्राची प्रत उघडावी आणि रक्तदाबाची नोंद तीत आहे ना, एवढे तरी पाहून घ्यावे.