उपासाचे पाहुणे
(वर्धापनदिनी केलेले छोटेसे भाषण)



गेल्या आषाढीला सूनबाईने साबुदाण्याच्या खिचडीवर कोथिंबीर घातली. "आपल्यात उपासाला चालत नाही," असे मी चारचौघांत तिला बोलले. बिचारी ताटावरून उठली.

पुढे वाचनात आले ते ऐका. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका, तसेच बटाटा, शेंगदाणा, रताळे, मिरची ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला. त्यानंतर ती गलबतांतून इकडे आली. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगिजांचा. १२९६ साली समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरमाउलींनी मिरची पाहिलीसुद्धा नव्हती! तेव्हा तिखटाला मिरे असत. त्यावरूनच मिरचीचे नाव पडले.

आणि कोथिंबीर? तिचे संस्कृत नाव 'कुस्तुंबुरू' पाणिनीच्या व्याकरणात आहे. म्हणजे घरची लेक उंबऱ्याबाहेर आणि पाहुणे पाटावर!

हे सूनबाईला सांगून मी माझी चूक कबूल केली. चाली मोडा असे मी म्हणत नाही. पण चालीपायी घरचे माणूस ताटावरून उठू नये, एवढेच माझे सांगणे.