तासाआधीची दोन मिनिटं



आत्ता झालेल्या शाळेच्या कार्यक्रमात एकट्यादुकट्याच्या लेझीमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नसता. सगळ्यांची एकदम वाजली, म्हणून सभागृह दणाणलं. मेंदूतही असंच घडतं. एका पेशीची वीज इतकी क्षीण, की ती कवटीबाहेर टिपता येत नाही. लाखो पेशी एका लयीत आल्या, की मात्र कागदावर लहर उमटते.

अशी लहर माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा टिपली ती जर्मनीतल्या येना शहरात, 1924 साली, हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने. त्याने आपला मुलगा क्लाउस याच्यावरही कितीतरी नोंदी घेतल्या. डोळे मिटून शांत बसलं, की सेकंदाला साधारण दहा लहरी. डोळे उघडले, की ती लय मोडायची. बर्गरने हे 1929 साली छापलं, पण फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. 1934 मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी तेच करून दाखवलं, तेव्हा कुठे जगाने मान्य केलं.

अर्थात लय जितकी जास्त तितकी बुद्धी जास्त, असं नाही. पेशी बेसुमार एकसाथ पेटल्या, तर फेफरं येतं.

ही झाली एका मेंदूतली लय. अनेकांच्या मेंदूंची लय एकमेकांशी जुळते का, हे पाहणारा, विद्यार्थ्यांच्या अगदी जवळचा प्रयोग झाला तो न्यूयॉर्कच्या एका हायस्कुलात. संशोधक सुझान डिकर, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी 12 विद्यार्थ्यांच्या डोक्याला मेंदूलहरी टिपणारी ईईजीची यंत्रं लावून शाळेच्या एका सत्रात वर्गातले 11 तास टिपले. निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. मुलं तासात रमली, की त्यांच्या मेंदूलहरी एकमेकांशी अधिक जुळत. आणखी एक गोष्ट तर फारच सुंदर आहे. तासाआधी ज्या दोघांनी दोन मिनिटं समोरासमोर एकमेकांकडे पाहिलं होतं, त्यांच्या लहरी पुढच्या तासात जास्त जुळलेल्या दिसल्या. तासात ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, तरीही!

यावरून कुणाला किती गुण मिळतील ते सांगता येत नाही. लक्ष आणि सोबत या दोन्हींचा लहरी जुळण्याशी संबंध मात्र दिसतो, आणि शाळेसाठी तो मोठा आहे.

म्हणून मुलांनो, उद्या पहिल्या तासाची घंटा होण्याआधी दप्तर बाजूला ठेवा, बाकावरच्या सोबत्याकडे वळा आणि दोन मिनिटं त्याच्याशी बोला. आणि शिक्षकांनो, तेवढी दोन मिनिटं त्यांना बोलू द्या.