इंग्रजीच्या तासाला मनातला प्रश्न

नांदुऱ्याहून रेल्वेने निघालं, की जलंब, शेगाव आणि पुढे अकोला. याच अकोल्यात शिकून गोपाळ गणेश आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. १८८२ साली त्यांनी टिळकांसोबत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तिथंही शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर त्यांच्या हाती होतं. १८८३ मध्ये ते 'विकारविलसित' नावानं प्रसिद्ध झालं. अभ्यासलेल्या साहित्याला एका वाचकानं दिलेला हा केवढा मोठा प्रतिसाद!

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गातही असं नाटक येतं, तेव्हा गाईडमधलं उत्तर लगेच पाठ करू नका. बापाचा खून चुलत्यानं केला हे कळूनही हॅम्लेट सूड घ्यायला इतका वेळ का लावतो? हा प्रश्न तुम्हाला पडला, तर तो वहीत लिहा. आधी मराठीत लिहिलात तरी चालेल. एखादं पात्र आवडलं नाही, तर का आवडलं नाही, ते सांगा आणि त्यासाठी पुस्तकातला प्रसंग दाखवा. मग तेच सोप्या इंग्रजीत मांडा.

शिरवाडकरांच्या १९७० सालच्या 'नटसम्राट' नाटकात मुलांनी दुखावलेला म्हातारा बाप भेटतो, तेव्हा शेक्सपिअरचा 'किंग लिअर' आठवतोच. परकी गोष्ट आपल्या घरातल्या माणसांशी ताडून पाहिली, की ती आपली होते. शिक्षकांनो, मुलांच्या अशा स्वतःच्या उत्तराला वर्गात जरूर जागा द्या.