चट्टा लपवू नका



महागाई भत्त्याचा विषय झाला. आता थोडे आपल्या कातडीबद्दल बोलू.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही. टोचले तरी कळत नाही. आपण दुकानातले मलम चोळत बसतो. कुष्ठरोगाची शंका आली, की नोकरी जाईल, क्वार्टरमधले शेजारी तुटतील, मुलीचे लग्न अडेल, या भीतीने गप्प राहतो. हे गप्प राहणेच आपल्याला महागात पडते.

हा रोग पापाचे फळ नाही. तो जंतूमुळे होतो. नॉर्वेचे डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ साली तो जंतू शोधला. पुढे डॅप्सोन हे औषध आले. पण एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन अशा बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने गोळ्या घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. उपचार सुरू झाले, की रुग्णापासून इतरांना धोका राहत नाही. मात्र चट्टा गेला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

उशीर झाला तर जंतू मज्जातंतू निकामी करतो. जंतू मेला तरी गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. बधिर हाताला हातोड्याने आलेला फोड कळत नाही, बधिर पायाला खडीवर झालेली जखम कळत नाही. बोटे वाकडी झाली तर सॉर्टिंग कसे करणार?

राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग निर्मूलनाचे लक्ष्य २००५ साली गाठले गेले. तरीही जगातले सर्वाधिक नवे रुग्ण आपल्याच देशात सापडतात.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्तांचा समावेश आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढू नये, हुद्दा घटवू नये, असे तो सांगतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारणही २०१९ साली कायद्यातून वगळले गेले.

म्हणून आमचे सांगणे दोनच गोष्टींचे. प्रत्येक शाखेने वैद्यकीय तपासणीत कातडीची तपासणी मागावी, घरच्यांचीही. आणि ज्या साथीला चट्टा दिसेल, त्याच्यासोबत शाखेचा एक माणूस दवाखान्यात जावा. संघटना एरवी कशासाठी असते?